मधमाशीला काय दिसते? : चार्ल्स हेन्री टर्नर यांचे जीवन आणि संशोधन

मधमाशी फुलाकडे येते ती रंग पाहून की वासाच्या ओढीने, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. बाजारपेठेत बसणाऱ्याला त्याचा अर्थ लवकर उमजेल. रोज येणारे गिऱ्हाईक दुकानाची पाटी ओळखून येते, आतल्या मालाच्या दरवळाने येते, की केवळ पायांना वाट सवयीची झाली म्हणून येते, हे गिऱ्हाइकाला विचारता येते. मधमाशीला विचारता येत नाही. तिच्याकडून उत्तर काढून घ्यायचे तर पाटी बदलून पाहावी लागते, माल हलवून पाहावा लागतो, आणि प्रत्येक वेळी ती काय करते हे डोळ्यांत तेल घालून टिपावे लागते.

कीटकांना रंग दिसतात, या शोधाचे श्रेय पाठ्यपुस्तके सामान्यतः ऑस्ट्रियात जन्मलेले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना देतात. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध प्रबंध १९१४ सालचा. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु त्या प्रबंधाच्या चार वर्षे आधी, १९१० मध्ये, अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकाने याच प्रश्नावरचे आपले प्रयोग ‘बायोलॉजिकल बुलेटिन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. त्यांच्या दिमतीला प्रयोगशाळा नव्हती, सहायक नव्हते, संशोधन करणारे विद्यार्थी नव्हते. शहरातील ओफॅलन पार्क नावाची सार्वजनिक बाग हीच त्यांची प्रयोगशाळा होती, आणि रंगीत पुठ्ठा व मध ही सामग्री. त्या शिक्षकांचे नाव चार्ल्स हेन्री टर्नर.

टर्नर यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८६७ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. सिनसिनाटी हे ओहायो नदीच्या काठावरचे शहर. नदीपलीकडच्या केंटकी राज्यात युद्धाच्या अखेरीपर्यंत माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती. टर्नर यांच्या मातोश्री अ‍ॅडी या त्या केंटकीच्याच. त्या परिचारिकेचे काम करीत. वडील थॉमस टर्नर हे कॅनडातून आलेले आणि एका चर्चची देखभाल करणारे कर्मचारी. उत्पन्न बेताचे होते; तरीही या गृहस्थाने घरात शेकडो पुस्तके जमवली होती. मुलाच्या पुढील आयुष्याचे भांडवल हेच, असे म्हणण्यास हरकत नाही. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या गेन्स हायस्कूलमधून चार्ल्स आपल्या वर्गात सर्वप्रथम येऊन उत्तीर्ण झाला आणि १८८६ मध्ये त्याने सिनसिनाटी विद्यापीठात प्रवेश घेतला.

तेथे त्यांना क्लॅरेन्स ल्यूथर हेरिक हे गुरू लाभले. प्राण्यांच्या मेंदूंचा तौलनिक अभ्यास हे हेरिक यांचे क्षेत्र. १८९१ मध्ये त्यांनी ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच्या पहिल्याच खंडात आपल्या शिष्याचा पक्ष्यांच्या मेंदूच्या रचनेवरील दीर्घ निबंध छापला. टर्नर त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. १८९१ मध्ये पदवी आणि १८९२ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवून ते या विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. आरंभ असा मेंदूच्या शरीररचनेपासून झाला खरा, परंतु मेंदू चिरून त्यातील भाग मोजण्यापेक्षा जिवंत प्राणी त्या मेंदूचा उपयोग कसा करतो, हे पाहण्याकडे त्यांचा ओढा लवकरच वळला. १८९२ मधील त्यांचा एक निबंध कोळ्यांविषयी आहे. वेगवेगळ्या जागी कोळी आपले जाळे कसे विणतो, अडचण आली की त्यात कोणता फेरफार करतो, याची निरीक्षणे नोंदवून त्यांनी निष्कर्ष काढला की जाळे विणण्याची प्रेरणा कोळ्याला उपजतच मिळते. मात्र जागेनुसार त्याची घडण बदलण्यात बुद्धीचा भाग असतो. कोळी हे ठरावीक किल्लीवर चालणारे यंत्र आहे, असे मानण्याचा तो काळ होता.

१८९३ पासून १९०५ पर्यंत टर्नर यांनी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या क्लार्क विद्यापीठात अध्यापन केले. १८९६ च्या एका निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेकडील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे, सर्वत्र दोन समाजांत कायद्याची भिंत उभी राहिली. ‘वेगळे’ या शब्दाची अंमलबजावणी काटेकोर झाली. ‘समान’ हा शब्द कागदावर राहिला. याच काळात, १८९५ मध्ये, टर्नर यांच्या पहिल्या पत्नी लिओन्टिन वारल्या. मुले लहान होती. एका मुलाचे नाव त्यांनी डार्विन रोमेनीज असे ठेवले होते : एक नाव चार्ल्स डार्विन यांचे, दुसरे प्राण्यांच्या बुद्धीवर लिहिणाऱ्या जॉर्ज रोमेनीज यांचे. वडिलांचे मन कोठे गुंतले होते, हे या एका नावावरून कळते.

अध्यापनाचा भार सांभाळून त्यांनी शिकागो विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम केले. १९०७ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली तीही विशेष गुणवत्तेसह. वय चाळीस. प्रबंधाचा विषय होता, मुंग्या घरी परत कशा येतात.

हा प्रबंध थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण टर्नर यांची सारी पद्धत त्यात दिसते. मुंगी वारुळापासून दूर जाते आणि परत येते. कशाच्या आधारे? त्या काळी दोन-तीन उत्तरे प्रचलित होती. कोणी म्हणे, जमिनीवरच्या वासाच्या रेघेवरून ती आंधळेपणाने चालते. कोणी म्हणे, तिच्यात एक गूढ दिशाज्ञान उपजतच असते. टर्नर यांनी पुठ्ठ्याचे एक लहानसे व्यासपीठ केले, त्यावरून वारुळाकडे उतरण्यासाठी उतरंडी बसवल्या आणि उजेडासाठी दिवे ठेवले. मुंग्यांनी वाट शिकून घेतली, की ते उतरंडीची जागा बदलत, वासाची शक्यता दूर करण्यासाठी पुठ्ठा बदलत, दिवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत. दिवा बाजू बदलताच अनेक मुंग्या चुकीच्या दिशेला वळल्या. म्हणजे उजेड कोणत्या अंगाने येतो, याची त्या दखल घेत होत्या. परंतु सर्वच मुंग्या सारख्या वागल्या नाहीत. काही अधिक चटकन सावरल्या, काही गोंधळून फिरत राहिल्या. टर्नर यांनी या फरकाला नोंदीतील त्रुटी समजून सरासरीत बुडवले नाही. कोणती मुंगी काय करते, हे त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले. मुंगी एकाच खुणेवर विसंबत नाही. उजेड, वास, परिसरातील खुणा आणि स्वतःचा अनुभव यांची ती सांगड घालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. वारुळाजवळ परतलेल्या मुंग्या कधी कधी गोल फेऱ्या घेत प्रवेशद्वार शोधतात. या फेऱ्यांना फ्रेंच संशोधक व्हिक्टर कॉर्नेट्झ यांनी पुढे टर्नर यांचेच नाव दिले.

त्याच सुमारास जमिनीत बिळे करून राहणाऱ्या एकाकी माश्यांवरही त्यांनी काम केले. ही माशी बिळातून बाहेर पडते, परागकण घेऊन परत येते आणि आजूबाजूला तशीच अनेक बिळे असतानाही नेमकी आपल्याच बिळात शिरते. टर्नर यांनी बिळाभोवतीच्या खुणा बदलल्या. भोक पाडलेला कागद, बाटलीचे झाकण, अशा किरकोळ वस्तू बिळाशी ठेवायच्या, माशीला त्यांची ओळख होऊ द्यायची आणि ती बाहेर गेली की त्या काही अंतरावर सरकवायच्या. परतलेली माशी सरकवलेल्या खुणेकडे जाई आणि खरे बीळ तिथेच जवळ उघडे असताना भलत्याच ठिकाणी शोधू लागे. निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचे कडे मांडून केलेला प्रयोग आज जगभर शिकवला जातो. दोन्ही प्रयोगांतील युक्तिवाद सारखाच आहे. टर्नर यांचा निबंध १९०८ सालचा.

एवढी कामगिरी असलेल्या माणसाला विद्यापीठात जागा मिळायला हवी होती. मिळाली नाही. शिकागोत त्यांची नेमणूक व्हावी, अशी एका प्राध्यापकांची इच्छा होती. परंतु त्यांच्या निधनानंतर आलेल्या प्रमुखांनी कृष्णवर्णीय माणसाला घेण्यास नकार दिला, अशी हकिकत सांगितली जाते. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेला त्यांचे वेतन परवडण्याजोगे नव्हते, असेही म्हटले जाते. आपल्या समाजातील मुलांना शिकवणे हेच आपले काम, असे टर्नर यांनी स्वतःच ठरवले असावे, असा तिसराही एक पक्ष आहे. तिन्हींत काही ना काही तथ्य असू शकेल. १८९७ आणि १९०२ मधील त्यांच्या लेखांवरून तिसरा पक्ष अगदी दुबळा नाही, हे दिसते. कृष्णवर्णीयांच्या शाळांत जीवशास्त्र शिकवले गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि वंशद्वेषाच्या प्रश्नावर दोन्ही समाजांचे खरे शिक्षण हाच उपाय त्यांना दिसत होता. या लेखांत कडवटपणा औषधालाही सापडत नाही. त्यांच्याविषयी आज लिहिणाऱ्यांनाच तो आवरावा लागतो.

टेनेसी आणि जॉर्जियातील शाळांत थोडा काळ काढून १९०८ मध्ये ते सेंट लुईसच्या समनर हायस्कूलमध्ये रुजू झाले. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस कृष्णवर्णीयांसाठी निघालेली ही पहिली माध्यमिक शाळा. पुढील चौदा वर्षे ते तेथेच होते. दिवसभर तास घ्यायचे, वह्या तपासायच्या. संशोधन करायचे ते शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, पदरमोड करून. ज्या निबंधांसाठी त्यांचे नाव आज घेतले जाते, त्यांतील बरेचसे याच काळातले आहेत.

आता ओफॅलन पार्कमधील मधमाशांकडे यावे. फुलांचे रंग कीटकांसाठी असतात, हे जर्मन अभ्यासक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्येच सुचवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचे सर जॉन लबक यांनी रंगीत कागदांवर मध ठेवून काही प्रयोग केले. लबक हे व्यवसायाने सावकारी पेढीचे मालक. मुंग्या आणि मधमाशा पाळणे हा त्यांचा छंद होता. उलट बेल्जियमचे फेलिक्स प्लातो यांनी डेलियाची फुले पानांनी झाकली, तरीही कीटक तेथे आलेच. त्यावरून त्यांनी सांगितले की रंगाला महत्त्व नाही, वासच सर्वकाही. वाद असा लोंबकळत पडला होता. टर्नर यांनी आपल्या निबंधाचा आरंभ या पूर्वसूरींचे दावे तपासून, त्यांच्या रीतीतील कच्चे दुवे दाखवूनच केला.

त्यांनी पुठ्ठ्याच्या रंगीत तबकड्या करून त्या काड्यांवर बसवल्या. लाल तबकडीवर मध ठेवून मधमाशांना तिची सवय लावली. सवय झाल्यावर शेजारी हिरव्या, निळ्या तबकड्या उभ्या केल्या. मधमाशा लाल तबकडीकडेच येत राहिल्या. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कदाचित त्या मधाच्या वासाने येत असतील, कदाचित आधी येऊन गेलेल्या माशांचा वास तबकडीला लागला असेल, कदाचित त्यांना नेमकी जागा पाठ झाली असेल. म्हणून जुन्या तबकड्या काढून कोऱ्या ठेवायच्या, जागांची अदलाबदल करायची, मध दुसऱ्या रंगात ठेवून लाल रिकामा ठेवायचा, असा क्रम सुरू झाला. तरीही मधमाशा लाल रंगाची झडती घेण्यासाठी येत. मग तबकड्यांऐवजी कागदाचे शंकू आले, त्यानंतर लहान दार असलेल्या पेट्या आल्या. शंकू आणि पेटी यांत मध आत असतो. बाहेरून तो दिसत नाही, म्हणून रंगावाचून दुसरी खूण हाती राहत नाही. तरीही निवड रंगावरूनच झाली. हिशेबाची वही जुळवताना एकेक रक्कम खोडून अखेरीस फरकाची नोंद सापडावी, तसा हा प्रकार होता. १९११ मध्ये त्यांनी याच पद्धतीने पुढचा प्रश्न विचारला : मधमाशीला नक्षी ओळखता येते काय? आडव्या पट्ट्या आणि उभ्या पट्ट्या, निरनिराळ्या रंगांच्या जोड्या, यांतून जेथे मध मिळाला ती नक्षी तिने निवडली.

हे सारे प्रयोग उघड्यावर, मोकळ्या मधमाशांवर झाले. एकही मधमाशी मारावी वा कोंडावी लागली नाही. हा मुद्दा केवळ दयेचा नव्हता, शास्त्राचाही होता. त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीत म्युनिकचे नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी मधमाशा पूर्णतः रंगांध असल्याचे जाहीर केले. त्यांची पद्धत अशी की अंधाऱ्या जागी कोंडलेल्या माशांपुढे निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकायचा आणि त्या कोठे जमतात ते पाहायचे. माशा सर्वांत उजळ भागाकडे जात. रंग कोणता, याची पर्वा त्यांना नसे. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. कोंडलेली, सुटकेसाठी धडपडणारी मधमाशी केवळ उजेडाकडे धावते. अन्न शोधणारी मधमाशी रंग पाहते. डोळे तेच असतात, गरज वेगळी असते. प्राण्याला ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यात स्वारस्य आहे, तोच त्याला विचारावा, ही समज टर्नर यांच्या सर्वच कामात दिसते. पतंगांना ऐकू येते का, हे तपासताना त्यांनी हेच केले. मोठ्या रेशमी पतंगांच्या काही जाती आवाजाला दाद देत नव्हत्या. टर्नर यांनी आवाजाबरोबर पतंगाला धक्काबुक्की केली. तो आवाज संकटाची खूण झाल्यावर पतंग त्याला प्रतिसाद देऊ लागला. न ऐकणे आणि दुर्लक्ष करणे या भिन्न गोष्टी होत.

त्यांचे सगळेच प्रयोग असे निरुपद्रवी होते, असे मात्र नाही. १९१२ मधील एका प्रयोगात त्यांनी झुरळांना अंधाऱ्या कप्प्यात शिरताच विजेचा सौम्य झटका देऊन अंधाराची भीती शिकवली. झुरळाचा उपजत कल अंधाराकडे. तो अनुभवाने पालटतो, हे दाखवणे हा उद्देश होता. तो साध्य झाला आणि येथेही कोणते झुरळ किती लवकर शिकते, याचा तपशील त्यांनी वेगवेगळा ठेवला.

आता प्रश्न असा की टर्नर यांनी मधमाशीची रंगदृष्टी खरोखर सिद्ध केली काय? आजच्या कसोटीला त्यांचा प्रयोग पुरा उतरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लाल आणि हिरवा यांत केवळ रंगाचा फरक नसतो, उजळपणाचाही असतो. कृष्णधवल छायाचित्रात लाल साडी आणि पिवळी साडी वेगळ्या ओळखता येतात, त्या करड्या रंगाच्या छटांवरून. मधमाशीने तबकड्या अशाच ओळखल्या नसतील कशावरून? फॉन फ्रिश यांनी नेमकी ही फट बुजवली. त्यांनी एक निळा पुठ्ठा करड्या रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या अनेक पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. रंग दिसत नसता तर मधमाशी निळ्याशी जुळणाऱ्या उजळपणाच्या एखाद्या करड्या पुठ्ठ्यावर फसली असती. ती फसली नाही. त्याच अभ्यासात असेही उघड झाले की लाल हा रंग मधमाशीला रंग म्हणून जवळजवळ दिसतच नाही. तो तिला काळपट भासतो. म्हणजे टर्नर यांनी नेमका तोच रंग निवडला होता, जो त्यांच्या पाहुण्यांना धडपणे दिसत नव्हता! हिरवा व निळा मात्र तिला दिसतात, त्यामुळे काळपट तबकडीला शेजारच्या रंगीत तबकड्यांहून वेगळे ओळखणे तिला अवघड नव्हते. निर्णायक पुरावा फॉन फ्रिश यांचाच, यात शंका नाही. परंतु मोकळ्या मधमाशीला अन्नाच्या आमिषाने रंग शिकवायचा, वास आणि जागा या शक्यता एकेक करून दूर सारायच्या, मग तिची निवड मोजायची, ही जी पद्धत पुढील शंभर वर्षे वापरली गेली, ती टर्नर यांच्या निबंधात स्पष्ट दिसते. श्रेयाच्या वहीत त्यांच्या नावे ही रक्कम जमा व्हायलाच हवी. कित्येक दशके ती झाली नाही.

त्यानंतरच्या संशोधनाने मधमाशीच्या डोळ्याविषयी जे उलगडले, ते पाहता टर्नर यांनी तिच्यावर टाकलेला विश्वास योग्यच ठरतो. तिचा प्रत्येक संयुक्त डोळा सुमारे पाच हजार सूक्ष्म नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिकेला स्वतःचे भिंग असते आणि ती दृश्याचा एक लहानसा तुकडा टिपते. या तुकड्यांतून बनणारे चित्र आपल्या चित्रापेक्षा कितीतरी पुसट असते. मात्र ज्या अतिनील किरणांविषयी आपण आंधळे आहोत, ते तिला दिसतात. अतिनील, निळा आणि हिरवा या तीन रंगांवर तिची रंगदृष्टी उभी आहे. आपल्याला एकरंगी पिवळ्या दिसणाऱ्या कित्येक फुलांवर तिला मधाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. आणि हे सारे ती चालवते ते दहा लाखांहून थोड्या कमी चेतापेशींच्या मेंदूवर. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. इतक्या थोड्या भांडवलावर एवढा मोठा व्यवहार कसा चालतो, हा चेताशास्त्रातील आजचा एक जिवंत प्रश्न आहे.

समनर शाळेतील दिवस कसे जात असतील, याची कल्पना करता येते. टर्नर जीवशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत. त्यांच्या निबंधांची एकूण संख्या सत्तरच्या वर जाते. स्थानिक ‘अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्स ऑफ सेंट लुईस’चे ते सदस्य होते. युरोपात त्यांचे निबंध वाचले जात होते. शिकागोला असलेले मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी त्यांच्या मुंग्यांवरील कामाची वाखाणणी केली होती. एखाद्या परदेशी संशोधकाला ते नियतकालिकातल्या नावावरून ठाऊक असत. त्या नावाचा माणूस एका वेगळ्या पाडलेल्या शाळेत फळ्यासमोर उभा आहे, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. याच माणसाने कीटकांविषयी एक गोष्ट सतत मांडली होती, की ‘मुंग्या असे करतात’ असे सरसकट विधान करण्यापूर्वी या मुंगीने काय केले आणि त्या मुंगीने काय केले, ते पाहा. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत त्या काळच्या विद्यापीठांनी हा विवेक दाखवला नाही.

प्रकृती ढासळल्याने १९२२ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि ते शिकागोला मुलाकडे, डार्विन यांच्याकडे, राहावयास गेले. तेथे १४ फेब्रुवारी १९२३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे छपन्न. कीटक घरी कसे परततात, या विषयावरील त्यांचा शेवटचा मोठा निबंध सेंट लुईसच्या अकादमीने त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात छापला. १९२५ मध्ये सेंट लुईसमध्ये अपंग कृष्णवर्णीय मुलांसाठी एक शाळा उघडली, तिला टर्नर यांचे नाव देण्यात आले.

शास्त्रीय जगात मात्र नाव मागे पडले. त्यांच्या हाताखाली संशोधन शिकलेला, त्यांचे काम पुढे नेणारा विद्यार्थीवर्ग नव्हता. शाळेतील शिक्षकाला तो कोठून मिळणार? पेढी सांभाळणारा वारस नसला की जुनी खाती अडगळीत जातात, तसेच काहीसे झाले. ओक्लाहोमाचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स अ‍ॅब्रमसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह टर्नर यांचे निवडक निबंध आणि चरित्र २००३ मध्ये ग्रंथरूपाने आणले, तेव्हा अनेक अभ्यासकांनी ते मूळ लेखन प्रथमच वाचले. अमेरिकेतील ‘अ‍ॅनिमल बिहेविअर सोसायटी’ आता टर्नर यांच्या नावाने एक उपक्रम चालवते. संशोधनाच्या क्षेत्रात ज्या समाजगटांचे प्रमाण कमी आहे, त्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यातून सोसायटीच्या वार्षिक परिषदेस येण्यासाठी साहाय्य मिळते. २०२० मध्ये मार्टिन जुर्फा आणि मारिया गॅब्रिएला दे ब्रितो सांचेझ या मधमाशीच्या दृष्टीवर आयुष्यभर काम केलेल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. ओफॅलन पार्कमधील त्या तबकड्या, शंकू आणि पेट्या यांचे प्रयोग त्यांनी त्यात एकेक करून पुन्हा तपासले.